सिगरेटची चव घाण करणारं च्युइंगम दिलं तर सिगरेट सुटेल का?

तुमचा भाऊ उठल्या उठल्या ओढतो आणि त्याला ते चव बिघडवणारं च्युइंगम द्यावं का असं विचारलंय तुम्ही. मी अकरा वर्षं ओढली आणि हे च्युइंगम पण चघळून झालंय, म्हणून कळकळीने सांगतो, त्याच्यावर भरवसा ठेवू नका.

त्यात सिल्व्हर ॲसिटेट असतं, चांदीचा क्षार. नुसतं चघळताना ठीक वाटतं, पण नंतर सिगरेट पेटवली की धूर लागून तोंडात धातूसारखी इतकी घाण चव येते की दुसरा झुरका घ्यावासा वाटत नाही. पहिले चार दिवस मला वाटलं सुटली आता. मग एकदा ऑफिसात मोठं भांडण झालं, डोकं फिरलं, आणि त्या दिवशी मी सिगरेट नाही, च्युइंगम सोडलं. सगळी गोची इथेच आहे, परिणाम टिकवायला ते दिवसातून अनेकदा खावं लागतं आणि दर वेळी ते खायचं की नाही हे ठरवणार कोण, तर ज्याला तलफ आलीय तोच. जिभेला शिक्षा होते पण मेंदू निकोटिन मागतच राहतो. याच्यावर जे अभ्यास झालेत त्यातही फारसा फायदा दिसलेला नाही, आणि अमेरिकेत एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, 1993 मध्ये दुकानात सहज मिळणाऱ्या सिगरेट सोडवायच्या औषधांतून सिल्व्हर ॲसिटेट काढून टाकलं. शिवाय चांदी शरीरात साठते, खूप दिवस जास्त खाल्लं तर कातडी निळसर राखाडी पडते आणि ती परत पूर्वीसारखी होत नाही. त्यामुळे त्याला न सांगता गुपचूप द्यायचा विचार असेल तर तो आधी डोक्यातून काढा प्लीज.

माझी सुटली ती निकोटिन गमने, पण तेही सुरुवातीला मी चुकीचं खायचो, साध्या च्युइंगमसारखं कचाकच चावायचो, मग निकोटिन थुंकीबरोबर पोटात जाऊन उचक्या आणि मळमळ. ते सावकाश चावायचं, झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचं, झिणझिण्या थांबल्या की परत थोडं चावायचं, असं साधारण अर्धा तास. आणि त्याच्या आधी पंधरा मिनिटं कॉफी, कोल्डड्रिंक काही नको, आंबट तोंडात निकोटिन नीट शोषलंच जात नाही. 2 आणि 4 मिलिग्रॅम असे दोन प्रकार येतात, उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगरेट लागत असेल तर सहसा 4 चं देतात, म्हणजे तुमच्या भावाला बहुतेक तेच लागेल. सोबत निकोटिनचा पॅच, म्हणजे कातडीवर चिकटवायची पट्टी, लावला तर नुसत्या गमपेक्षा जास्त फायदा होतो. हार्टचा त्रास वगैरे असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट जातात, चिडचिड करेल, तेव्हा त्याच्याशी वाद घालू नका, फक्त जवळ रहा. माझी बहीण तेव्हा रोज रात्री माझ्याबरोबर चालायला यायची.