पंख वर उचलणारे क्रुसेडर

प्रश्न : विमानवाहू जहाजावर उतरताना अमेरिकी एफ-८ क्रुसेडर विमानाचा पंख धडापासून वर उचलला जात असे, असे वाचनात आले. याची गरज का भासली आणि हे विमान किती काळ सेवेत राहिले?

उत्तर : कमी वेगात पुरेशी उचल मिळण्यासाठी पंख हवेला अधिक तिरपा भिडावा लागतो, परंतु त्यासाठी संपूर्ण विमानाचे नाक वर केले, तर वैमानिकाला समोरचा डेक नीट दिसत नाही. म्हणून व्हॉट कंपनीच्या अभियंत्यांनी पंख मागच्या बाजूला बिजागरीवर बसवला आणि हायड्रॉलिक दट्ट्याने त्याची पुढची कड ७ अंश वर उचलण्याची सोय केली. एवढे करूनही हे विमान डेकवर उतरवणे अवघडच होते.

१९५५ मध्ये पहिले उड्डाण झालेले क्रुसेडर १९५७ मध्ये अमेरिकी नौदलात दाखल झाले. १९६२ च्या क्यूबा पेचप्रसंगात त्याच्या टेहळणी आवृत्तीने क्षेपणास्त्रतळांची छायाचित्रे अगदी खालून उडत टिपली. चार २० मिलिमीटर तोफांमुळे त्याला ‘अखेरचा तोफधारी’ म्हणत. व्हिएतनाममध्ये मात्र त्याने पाडलेली बहुतेक मिग विमाने साइडवाइंडर क्षेपणास्त्रांना बळी पडली, हा भाग वेगळा.

फ्रान्सच्या क्लेमांसो आणि फोश या तुलनेने लहान जहाजांसाठी उतरण्याचा वेग आणखी कमी करणे भाग होते. त्यासाठी इंजिनातील दाबाची हवा फ्लॅपवरून, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्टीवरून, सोडण्याची योजना झाली. अशी ४२ विमाने फ्रान्सने घेतली आणि त्यांतील शेवटची १९९९ च्या डिसेंबरमध्ये निवृत्त केली.