वाचकांचे प्रश्न : ॲपशेजारी कोण बसते?

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे मुलांच्या शैक्षणिक ॲपविषयी आहेत. त्यांतील तीन पत्रे येथे थोडक्यात दिली असून, वाचा-भाषा उपचाराच्या कामात रोज जे पाहते त्याच्या आधारे त्यांना उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझा मुलगा साडेपाच वर्षांचा असून सीनियर केजीत आहे. "रोज वीस मिनिटांत भाषा आणि एकाग्रता वाढवा" अशी जाहिरात असलेले एक ॲप आम्ही महिनाभर मोफत वापरले. त्यावर तो चाळीस मिनिटे हलत नाही. मात्र गोष्ट वाचून दाखवायला घेतली की पाच मिनिटांत उठतो. आता ॲपची वर्षाची वर्गणी भरायची की नाही, हे ठरवायचे आहे. त्याची एकाग्रता खरोखर वाढते आहे, असे समजावे का?
— एक आई, नाशिक

उत्तर : तुमच्या पत्रातच उत्तराचा निम्मा भाग आहे. लक्ष खिळणे आणि लक्ष देणे हे आपण मराठीत वेगवेगळे बोलतो, आणि हा फरक येथे नेमका लागू पडतो. दर काही सेकंदांनी आवाज, रंग, चांदणी आणि टाळ्या येत राहिल्या की मुलाचे लक्ष खिळून राहते; त्यासाठी त्याला स्वतःला फारसे काही करावे लागत नाही. गोष्ट ऐकताना मात्र मागचे वाक्य ध्यानात ठेवायचे, पुढे काय होईल याचा अंदाज बांधायचा आणि चित्रात नसलेली गोष्ट मनात उभी करायची, हे सारे काम त्याचे त्यालाच करावे लागते. शाळेत लागते ती एकाग्रता ही दुसरी. त्यामुळे चाळीस मिनिटांचे ते बसणे एकाग्रता वाढल्याचे लक्षण मानता येणार नाही.

एका खेळात सराव केला की मूल त्या खेळात तरबेज होते, हे निर्विवाद आहे. त्या सरावाचा उपयोग वाचनात, गणितात किंवा वर्गातल्या वागण्यात होतो का, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर आजवर बहुतेक वेळा निराशाजनक आले आहे. 'ल्युमॉसिटी' हे मेंदूच्या व्यायामाचे खेळ विकणाऱ्या कंपनीवर, शाळेतील आणि कामावरील कामगिरी सुधारते असे दावे पुराव्याविना केल्याबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कारवाई केली आणि जानेवारी 2016 मध्ये कंपनीने 20 लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटवले. याउलट उदाहरण 'एंडेव्हर-आरएक्स' या खेळाचे. अवधानदोष असलेल्या 8 ते 12 वर्षांच्या मुलांसाठी, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर देण्याचा खेळ म्हणून जून 2020 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला परवानगी दिली. त्याची चाचणी 348 मुलांवर काळजीपूर्वक झाली होती. तरीही त्या चाचणीत संगणकावर मोजलेले अवधान सुधारले, पण पालकांनी नोंदवलेल्या लक्षणांत हा खेळ खेळलेली मुले आणि दुसराच एखादा खेळ खेळलेली मुले यांच्यात फरक आढळला नाही. इतक्या कसोशीने तपासलेल्या खेळाची ही स्थिती असेल, तर जाहिरातीतल्या वीस मिनिटांवर किती विश्वास ठेवायचा, याचा निर्णय तुम्हाला करता येईल.

भाषेच्या बाबतीत मला एक प्रसंग सांगावासा वाटतो. सहा वर्षांची एक मुलगी आजीबरोबर माझ्याकडे आली होती आणि वाट पाहताना टॅबवर 'शब्द ऐका, चित्र ओळखा' असा खेळ खेळत होती. 'नांगर' असा आवाज आला. तिने पहिल्या चित्रावर बोट ठेवले, मग दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर. तिसरे बरोबर होते, चांदणी चमकली आणि पुढचा शब्द आला. ॲपच्या हिशेबी तिला नांगर आला. मी तेच चित्र कागदावर काढून दाखवले, तेव्हा ती म्हणाली, "ट्रॅक्टर." मग आजींना मी तोच खेळ तिच्याबरोबर बसून खेळायला सांगितला. नांगराचे चित्र पुन्हा आले तेव्हा आजींनी टॅब मांडीवर ठेवला आणि फाळ कुठला, बैल कुठे जुंपतात, तास कशाला म्हणतात, हे त्या सांगू लागल्या. मुलीने विचारले, "बैल दमला तर?" या एका चित्रावर दोघी इतका वेळ बोलत होत्या की मध्येच पडदा काळा झाला आणि ते दोघींच्याही लक्षात आले नाही. ॲप तेच होते, चित्रही तेच होते. शब्द मुलीचा झाला तो शेजारी बसून बोलणाऱ्या माणसामुळे.

हा केवळ माझा अनुभव नाही. 'ग्राफोगेम' हा अक्षर आणि ध्वनी यांची सांगड शिकवणारा खेळ फिनलंडमधील युवास्कुला विद्यापीठात तयार झाला आणि पुढे अनेक भाषांत गेला. त्यावरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा 2020 मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा शब्दवाचनावरचा त्याचा सरासरी परिणाम जवळजवळ शून्य निघाला; मात्र ज्या ठिकाणी खेळताना मोठ्या माणसांचा मुलांशी भरपूर संवाद होता, तेथे फायदा ठळक दिसला. ॲप विकत घेताना आपण त्यातील धड्यांची संख्या पाहतो; माझ्या मते, त्या धड्यांच्या वेळी घरातले कोण मोकळे असेल, हे आधी पाहायला हवे.

तेव्हा वर्गणी भरण्यापूर्वी एक आठवडा असे करून पाहा. ॲप त्याच्या हाती एकट्याने देऊ नका. पंधरा मिनिटे तुम्ही किंवा त्याचे बाबा शेजारी बसा, दर दोन-तीन चित्रांनंतर थांबा, आणि चित्रात नसलेले काहीतरी विचारा. काही ॲप असे थांबूच देत नाहीत. आपोआप पुढे जातात, मध्ये जाहिरात दाखवतात किंवा "अजून एक" म्हणून मुलाला ओढत राहतात. तुमचे ॲप तसे असेल, तर माझ्या मते वर्गणी भरू नये. गोष्टीचे म्हणाल, तर पाच मिनिटांत उठणे या वयात काळजीचे नाही. त्याला पानावरचे सारे वाचून दाखवण्याऐवजी एका चित्रावर बोलते करा, आणि पुढचे पान उलटण्याचा मान त्याला द्या. दोन-तीन आठवड्यांत पाचाची आठ मिनिटे झाली, तर ती वाढ खरी समजा. शाळेतही तो एका जागी मुळीच टिकत नसेल आणि बाईंचीही तशी तक्रार असेल, तर मात्र ॲपचा विचार बाजूला ठेवून बालरोगतज्ज्ञांना भेटा.

प्रश्न : माझा नातू सव्वादोन वर्षांचा आहे. आई-वडील दोघेही नोकरी करतात. मोबाइलवरच्या ॲपमुळे तो इंग्रजीत वीसपर्यंत आकडे आणि सगळे रंग म्हणतो, पण 'आई', 'पाणी दे' असे काही म्हणत नाही. हवे असेल तिकडे आमचा हात धरून नेतो. मुलगा आणि सून म्हणतात, हुशार आहे, बोलेल हळूहळू. बोलायला शिकवणारे मराठी ॲप द्यावे का?
— एक आजोबा, लातूर

उत्तर : आजोबा, आपली शंका रास्त आहे आणि या बाबतीत कृपया थांबू नका. दोन वर्षांच्या मुलाने 'दूध दे', 'बाबा ये' असे दोन शब्द स्वतःहून जोडणे अपेक्षित असते. आकडे आणि रंग म्हणणे ही पाठ झालेल्या ध्वनींची मालिका असू शकते. मागण्यासाठी, दाखवण्यासाठी, हाक मारण्यासाठी शब्द वापरणे म्हणजे भाषा. सर्वप्रथम कानांची तपासणी करून घ्या. मूल आवाजाला दचकते म्हणजे त्याला सगळे नीट ऐकू येते, असा त्याचा अर्थ नसतो. त्याबरोबरच बालरोगतज्ज्ञांकडून विकासाची तपासणी करून घ्या. हाक मारल्यावर तो वळून पाहतो का, बोटाने वस्तू दाखवतो का, हे त्यांना आवर्जून सांगा. सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत अशी तपासणी विनामूल्य होते. अंगणवाडीतून किंवा जिल्हा रुग्णालयातून त्याची वाट मिळेल. मुंबईत वांद्र्याला वाचा आणि श्रवण यांच्या अडचणींवर काम करणारी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे.

मराठी असो वा इंग्रजी, ॲप सध्या पूर्ण बंद ठेवा. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासाहून अधिक पडदा नको, आणि कमी तितके बरे, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्येच सांगितले आहे. आपल्याकडील बालरोगतज्ज्ञांची संघटनाही दोन वर्षांपर्यंत, नातेवाइकांशी होणारे व्हिडिओ कॉल सोडले तर, पडदा टाळायलाच सांगते. सिॲटल येथे 2003 मध्ये झालेल्या एका प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांशी काही चिनी भाषिक व्यक्ती प्रत्यक्ष खेळल्या आणि बोलल्या. बारा बैठकांनंतर ती बाळे चिनी भाषेतील ध्वनी ओळखू लागली. तीच माणसे, तेच बोलणे दुसऱ्या बाळांना पडद्यावर दाखवले, तेव्हा ती बाळे काहीही शिकली नाहीत. आपल्या नातवाला तपासणीची वेळ मिळेपर्यंत आपण घरी आहात, ही त्याच्यासाठी फार मोठी गोष्ट आहे. त्याने हात धरून पाण्याच्या माठाकडे नेले की लगेच पेला भरू नका. त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसा, "पाणी" म्हणा, थोडे थांबा, आणि त्याने "पा" एवढे जरी म्हटले तरी पाणी द्या.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीला शिकवते. वर्गात सोळा मुले आहेत. त्यांतील सहा-सात मुलांची घरची भाषा पावरी आहे. शाळेला देणगीतून आठ टॅब मिळाले आहेत. वाचनात मागे राहिलेल्या मुलांसाठी कोणते ॲप वापरावे?
— एक शिक्षिका, नंदुरबार

उत्तर : बाई, तुमचा प्रश्न वाचून आनंद झाला, कारण वाचनाच्या सरावाला टॅबची खरोखर मदत होऊ शकते. मूल मोठ्याने वाचते आणि ॲप ते ऐकून अडलेल्या ठिकाणी साहाय्य करते, अशा प्रकारचे 'रीड अलाँग' हे गूगलचे ॲप 2019 मध्ये 'बोलो' या नावाने भारतात सुरू झाले. त्यात मराठी गोष्टी आहेत आणि एकदा उतरवून घेतल्यावर इंटरनेट नसतानाही ते चालते. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वरील मराठी पुस्तके विनामूल्य असून ती छापूनही घेता येतात. पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडमधून उघडणारे 'दीक्षा'वरचे साहित्य तुमच्या परिचयाचे असेलच.

कोणतेही ॲप मुलांना देण्यापूर्वी ते स्वतः कान देऊन ऐका. पुष्कळ ॲप हिंदीवरून मराठीत आणलेली असतात आणि त्यांतला आवाज 'बाळ'चे 'बाल' करतो. 'चार' आणि 'चारा' यांतला च आपण वेगवेगळा उच्चारतो. तो फरक न करणारा आवाज पावरी बोलणाऱ्या मुलासाठी मराठीचा चुकीचा नमुना ठरतो. लिपीचेही तसेच आहे. 'चिमणी'तली पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते आणि नंतर उच्चारली जाते. एकच र 'सूर्य', 'चक्र' आणि 'वऱ्हाड' या शब्दांत तीन रूपे घेतो. आपल्या मुलांचे वाचन नेमके येथे अडखळते, आणि इंग्रजी मुळाक्षरांच्या साच्यावर बेतलेल्या ॲपमध्ये यासाठी एकही खेळ नसतो. सुटे अक्षर ओळखायला लावणाऱ्या ॲपपेक्षा मात्रा आणि जोडाक्षर जुळवून शब्द घडवायला लावणारे ॲप निवडा.

पावरी भाषिक मुलांचा उच्चार आवाज ओळखणाऱ्या ॲपला चुकीचा वाटू शकतो, आणि बरोबर वाचूनही चूक दाखवली गेली की मूल गप्प होते. या मुलांना गोष्टीतल्या चित्रांविषयी आधी पावरीत बोलू द्या. शाळेतल्याच एखाद्या मोठ्या भावंडाची मदत घेता येईल. अर्थ आधी कळला की मराठी शब्द त्यावर बसतो.

टॅब आठ आणि मुले सोळा, ही मला सोयच वाटते. दोघांत एक टॅब द्या. एकाने वाचावे, दुसऱ्याने बोट ठेवून ऐकावे आणि पानागणिक अदलाबदल करावी. वर्गात आठही टॅब एकदम बोलू लागले, तर ॲपला कोणाचेच नीट ऐकू येणार नाही, म्हणून दोन जोड्या व्हरांड्यात, दोन झाडाखाली अशा बसवा. रोज वीस मिनिटे पुरेत, आणि त्यांतली किमान दहा मिनिटे तुम्ही एकाच जोडीजवळ बसा. अशा रीतीने शाळेच्या आठ दिवसांत प्रत्येक जोडीची पाळी येते. त्या दिवशी मूल कोणत्या शब्दाला अडले, ते वहीत टिपून ठेवा. ॲपच्या गुणांपेक्षा ही वही तुम्हाला पुढचा धडा ठरवायला अधिक उपयोगी पडेल. वीज नसल्याने टॅब चार्ज झाले नाहीत, तर त्या दिवसासाठी 'स्टोरीवीव्हर'वरच्या त्याच गोष्टींच्या छापील प्रती कपाटात ठेवलेल्या असाव्यात.