आजीचं बहात्तर साल

प्रिय सई,

तू ताटात भाकरीचा तुकडा ठेवलास आणि आजी फोनवरून म्हणाली, "टाकू नकोस गं, बहात्तर साल पाहिलं नाहीस तू." मग तू मला विचारलंस, एका तुकड्यासाठी एवढं का? आणि शाळेत तर शिकवलंय की भाव वाढले की धान्य आपोआप तिकडे येतं. काल घाईत होते, आज लिहिते.

1972 साली दुष्काळ पडला तेव्हा आजी सोळा वर्षांची होती. बीडकडचं आपलं गाव, पाऊस नाही. दुकानात ज्वारी थोडीफार असायची, पण शेत पिकलं नाही म्हणून शेतकऱ्याकडे पैसा नाही आणि मजुराला काम नाही. दुकानात पोतं असून घरात उपास.

सरकारनं तेव्हा कामं काढली. रस्ते, पाझर तलाव, नालाबांध. मे 1973 मध्ये राज्यभर जवळपास 50 लाख माणसं अशा कामांवर होती. आजी खडी फोडायची. दुपारी सुकडी नावाचं कोरडं खाणं मिळे, ती अर्धी पदराला बांधून धाकट्या भावाला आणायची. पगार झाला की बाजारच्या दिवशी ज्वारी घ्यायची, दुकानातूनच. हातात पैसा दिसला तेव्हा व्यापारीही माल आणू लागले.

पण दुसरीकडे सरकारनं व्यापाऱ्यांना परराज्यातून धान्य आणायला बंदी घातली होती. ते चोरून यायचं, महाग पडायचं. 1973 मध्ये गव्हाचा घाऊक व्यापारही केंद्र सरकारनं हातात घेतला आणि पुढच्याच वर्षी सोडला. माझ्या मते ही चूकच होती. व्यापाऱ्याचं काम व्यापाऱ्याला करू द्यायचं. ज्याच्या खिशात काहीच नाही त्याला मात्र व्यापाऱ्याच्या भरवशावर सोडायचं नाही.

विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमीचा 1977 मध्ये कायदा झाला. त्यासाठी नोकरदार आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला होता. बाबा पुण्यात होते तेव्हा त्यांच्या पगारातून तो दरमहा 200 रुपये कापला जायचा, फेब्रुवारीत 300. कामांवर खोट्या हजेऱ्याही लागल्या, आजीच सांगते. तरी मागितलं की काम, हा हक्क झाला.

आजीच्या डाव्या अंगठ्याचं नख वाकडं का, हे रविवारी तिलाच विचार. गेल्या मे महिन्यात आपण गावात शिरलो ना, त्या रस्त्याखाली तिची खडी आहे.

तुझी,
आई