दुखणं कमरेचं, पण झोप कशानं मोडते?

"कमरेच्या दुखण्यानं रात्रभर झोप नाही. झोपेची गोळी वाढवली तर चालेल काय?" जुनाट वेदना असलेली माणसं समुपदेशनाला आली की हा प्रश्न हमखास येतो. बेळगावच्या वडगाव भागातल्या एका मावशींनीही तोच विचारला. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

वय 54. घरात माग. वीस वर्षं जमिनीवर बसून कांड्या भरलेल्या, त्यामुळं कंबर आणि दोन्ही गुडघे धरलेले. नवरा रातपाळीला मागावर, मुलगा-सून माडीवर आणि मावशी आतल्या खोलीत एकट्या. "दुखण्यानंच जाग येतंय. दोन-तीनदा लघवीला उठायला लागतंय. सकाळी डोकं जड. आणि दिवसा कांडी भरता भरता डोळा लागतोय. निपाणीच्या बसमध्ये बसले तर हत्तरगीचा टोलनाका कधी गेला कळत नाही."

शेवटची दोन वाक्यं आम्हाला थांबवणारी होती. नुसत्या दुखण्यानं झोप उडालेलं माणूस बहुधा दिवसा आडवं झालं तरी झोपू शकत नाही. अंग दमलेलं असतं, पण डोळा लागत नाही. बसल्या जागी झोप येणं, सकाळचं जड डोकं, रात्री वारंवार लघवी आणि रक्तदाबाची गोळी चालू असणं हे सगळं एकत्र आलं की झोपेतला श्वास तपासायला हवा. झोपेत घसा ढिला पडून श्वास पुन्हा पुन्हा अडतो, त्याला स्लीप ॲप्निया म्हणतात. घसा बंद पडतो तेव्हा छाती जोरानं हवा ओढते, त्या ओढीनं हृदयाच्या कप्प्यावर ताण येतो आणि ते लघवी वाढवणारं संप्रेरक सोडतं. म्हणून बाईला वाटतं लघवीनं जाग आली. कंबर ठणकत असली की जाग आल्याचं खापर तिच्यावर फुटतं. श्वास अडकला होता, हे झोपलेल्याला कळतच नाही.

"घोरता काय?" या प्रश्नाला त्या लगेच "नाही" म्हणाल्या. बायका हेच उत्तर देतात; एक तर माहीत नसतं आणि बाईमाणसानं घोरतो म्हणायची लाज वाटते. शिवाय पाळी गेल्यावर बायकांमध्ये हा त्रास वाढतो, हे फार कुणी सांगत नाही. म्हणून प्रश्न सुनेला विचारला. दोन रात्री, पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान, उशाजवळ मोबाइल ठेवून अर्धा तास आवाज टिपायला सांगितलं. पहाटेची वेळ मुद्दाम, कारण स्वप्नांची झोप तेव्हा जास्त असते आणि घशाचे स्नायू सर्वांत ढिले पडतात. आवाजात घोरणं होतं, मग शांतता, मग हिसका देऊन घेतलेला श्वास. सुनेनं शांतता घड्याळावर मोजली: 18 सेकंद, 25 सेकंद. 10 सेकंदांपुढचा थांबा वैद्यकीय हिशेबात धरतात.

धोका अंदाजण्यासाठी स्टॉप-बँग नावाची आठ प्रश्नांची यादी आहे: घोरणं, दिवसाचा थकवा, कुणी श्वास थांबलेला पाहिला का, रक्तदाब, बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती, ते सांगणारा आकडा) 35 च्या वर, वय 50 च्या वर, मानेचा घेर साधारण 40 सेंटिमीटरच्या वर (शिंप्याची टेप पुरते) आणि पुरुष असणं. 3-4 गुण म्हणजे मध्यम धोका, 5 पासून जास्त. आवाज टिपण्याआधी मावशींचे 3 गुण होते, नंतर 5 झाले. निदान यातून होत नाही, तपासणी करायची की नाही एवढंच ठरतं.

मग औषधं. आम्ही नेहमी सांगतो, चिठ्ठी नको, घरातली सगळी पाकिटं पिशवीत घालून आणा. मावशींच्या पिशवीत ट्रॅमाडॉल हे जोरदार वेदनाशामक होतं, हाडाच्या डॉक्टरांचं. नसांच्या दुखण्यावरचं प्रेगाबालिन 75 मिलिग्रॅम, मिरजेहून. झोपेची गोळी म्हणजे अल्प्राझोलाम, गल्लीतल्या डॉक्टरांकडून, आणि ते कधी एकाऐवजी दोन. तिन्ही डॉक्टरांना एकमेकांची औषधं ठाऊक नव्हती. ट्रॅमाडॉल मेंदूची श्वास घेण्याची हाक मंद करतं. अल्प्राझोलाम घसा आणखी ढिला करतं आणि श्वास अडकल्यावर येणारी जागही लांबवतं. प्रेगाबालिन त्यात भर घालतं. अशा औषधांसोबत ते घेण्याबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2019 मध्ये श्वासाचा इशारा दिला आहे. प्रेगाबालिननं वजनही वाढतं, मावशींचं दोन वर्षांत आठ किलो वाढलं होतं.

म्हणून त्यांच्या प्रश्नाला उत्तर होतं: नाही, झोपेची गोळी वाढवायची नाही. पण चालू गोळ्या एकदम टाकायच्याही नाहीत. अल्प्राझोलाम अचानक सोडलं तर झटके येऊ शकतात. ट्रॅमाडॉल अचानक सोडलं तर अंग मोडून येतं, जुलाब होतात, घाबरं होतं. डोस कमी करायचं वेळापत्रक डॉक्टरांनीच द्यायचं. आणि गोळी घेऊन झोपलेलं माणूस हलवूनही उठेना, ओठ निळे दिसले, तर सकाळची वाट न पाहता 108 ला फोन.

तपासणी घरी यंत्र नेऊनही होते, पण ट्रॅमाडॉलसारखी औषधं रोज घेणाऱ्यांनी रुग्णालयात रात्रभराची पूर्ण चाचणी करून घ्यावी. घसा बंद झालाय, की मेंदूनं श्वासाची हाकच दिली नाही, हा फरक तिथं नीट कळतो आणि उपचार त्यावरच ठरतो. नेहमीच्या गोळ्या घेऊनच झोपायचं. त्या रात्रीपुरत्या बंद केल्या तर खरं चित्र दिसत नाही. मावशींचे श्वास तासाला 34 वेळा अडत होते, बहुतेक घशात. तासाला 5 च्या आत ठीक, 30 च्या पुढं तीव्र.

मास्कमधून हवेचा दाब देऊन झोपेत घसा उघडा ठेवणारं सीपॅप यंत्र मिळालं. पहिल्या आठवड्यात त्यांनी ते दोनदा काढून फेकलं. मास्कचा पट्टा मानेला बोचत होता. तो आवळून हवेची गळती थांबत नाही, उलट मास्कची मऊ कड दबून गळती वाढते. पट्टा सैल करून, मास्क उचलून पुन्हा बसवायचा. दुपारी मालिका बघताना अर्धा तास लावून सवय केली. पाण्याच्या टाकीत बोअरचं पाणी घातलं तर क्षार साठतात, डिस्टिल्ड पाणीच हवं. लाईट जाते म्हणून यंत्र इन्व्हर्टरवर घेतलं. अशा वेळी पाणी तापवणारा भाग बंद ठेवला की बॅटरी जास्त टिकते.

झोपायची पद्धतही बदलली. कंबरदुखीला उताणं झोपून गुडघ्याखाली उशी घ्या असं सांगतात आणि कमरेला त्यानं बरं वाटतं, पण उताणं झोपलं की जीभ मागं पडून घसा अडतो. मावशी आता कुशीवर झोपतात, दोन गुडघ्यांमध्ये जाड उशी.

तीन महिन्यांनी दिवसाची डुलकी आणि सकाळी डोकं जड होणं थांबलं. अल्प्राझोलाम सुटलं, ट्रॅमाडॉल निम्म्यावर आलं. कंबर दुखते, यंत्र काही वेदनेचं औषध नव्हे. पण रोज मोडलेल्या झोपेनं दुखणं सोसायची ताकद कमी होते, तेवढी त्यांना परत मिळाली.

आता गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचं चाललंय. भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी भेटून झोपेचा रिपोर्ट दाखवायचा आणि मास्कसकट यंत्र सोबत न्यायचं, असं सुनेला लिहून दिलंय. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या रात्री जोरदार वेदनाशामक चालू असतं आणि उताणंच झोपावं लागतं.