विद्यार्थी ऑनलाइन ग्रुप प्रोजेक्टमधून वाहतुकीची खरी समस्या सोडवू शकतात का?

या प्रश्नावर लिहायचं नाही असं ठरवलं होतं, दोन दिवस ठरवलेलं पाळलं पण, आणि आज रविवारी मासे आणायला जायच्या आधी लिहायला बसलेय.

तुम्ही विचारलंय की पाच जणांचा ग्रुप आहे, पाचही जण वेगवेगळ्या गावांत, भेटणं फक्त मीटवर, आणि सरांनी सांगितलंय की वाहतुकीची "खरी" समस्या घ्या आणि सोडवा. जमेल का, विषय कुठला घ्यावा आणि काम कसं वाटावं.

जमतं. पण पाचातला एक जण तरी त्या रस्त्यावर रोज अडकून मरत असला पाहिजे. तसा कोणी नसेल तर विषय बदला, सॉफ्टवेअर नंतर बघा.

माझं सांगते. मी चोडणची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, चोडण म्हणजे गोव्यात मांडवी नदीतलं बेट, सलीम अली पक्षी अभयारण्य जिथे आहे ते, पर्यटक पक्षी बघायला येतात आणि आम्ही फेरीबोटीची वाट बघतो. पलीकडे रायबंदर, तिथून कॉजवेवरून पणजी. माणसं आणि दुचाक्या फुकट, चारचाकीला पैसे. नोकरी, कॉलेज, गोमेकॉ (सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल), बाजार, सगळं त्या फेरीवर. २०२१ च्या फेब्रुवारीत आमचं तिसरं वर्ष पूर्ण ऑनलाइन चाललं होतं आणि ट्रान्सपोर्टेशनच्या पेपराला हाच तुमचा प्रकार, ग्रुप प्रोजेक्ट, खरी समस्या. ग्रुपमध्ये एक वास्कोचा (तो लीडर, कोणी केला ते आजपर्यंत कळलेलं नाही), दोघं मडगावचे, एक केप्याची पोर जी रेंजसाठी घरामागच्या डोंगरीवर जाऊन बसायची आणि मधेच "थांबा हां, गुरं आली" म्हणायची, आणि मी.

लीडरला पणजीतला एक सिग्नल घ्यायचा होता. वेबस्टरचा फॉर्म्युला १९५८ पासून पुस्तकात आहे, त्यात आकडे घातले की सायकल टाइम, म्हणजे सिग्नलच्या एका पूर्ण फेऱ्याचा वेळ, बाहेर पडतो, आठ स्लाइड तयार. मी म्हटलं चोडणची फेरी घेऊया, सकाळी आठ ते साडेनऊ तिथे काय होतं ते मी बघतेय लहानपणापासून. मडगाववाले म्हणाले चालेल, कारण त्यांना काहीही चाललं असतं. लीडर म्हणाला ठीक आहे, क्यूइंग थिअरी, म्हणजे रांगांचं गणित, लावू. आणि सर्व्हेसाठी गूगल फॉर्म बनवला, कुठूनतरी उचललेला, त्यात "रोजचं वाहन" खाली ऑप्शन होते कार, ऑटो, कॅब, मेट्रो. गोव्यात मेट्रो! फेरीबोट नाही, आणि रायबंदरला उतरून घाईत असलेली माणसं जो पायलट, म्हणजे मोटरसायकल टॅक्सी, पकडतात तो पण नाही. मी सांगितल्यावर त्याने "अदर" घातलं. आमचं अख्खं बेट अदर.

तर मोजायचं काम माझ्यावर. २२ ते २६ फेब्रुवारी, पाच दिवस, सकाळी आठला वही घेऊन चोडणच्या धक्क्यावर. रांगेत आलेली कधी, फेरीत चढलेली कधी, दुचाकी किती, गाड्या किती, मागे किती राहिल्या. मास्क हनुवटीवर ओढून प्रत्येक जण विचारणार, "कसलो सर्व्हे गो? पूल केन्ना जातलो?" म्हणजे पूल कधी होणार. पहिल्या दिवशी मी समजावून सांगत होते की प्रोजेक्ट आहे, तिसऱ्या दिवसापासून "येतोय येतोय" म्हणायला लागले. त्या आठवड्यात फेऱ्या कशा मस्त चालल्या, सरासरी थांबणं निघालं नऊ मिनिटं. लीडर खूष. आकडे मॉडेलात घातले, एम-एम-वन का काय ते, एका खिडकीसमोरच्या रांगेचं, आणि शुक्रवारी रात्री ग्रुपवर मेसेज, "डाटा फ्रोझन, आता कोणी बदलू नका."

आता एक गोष्ट तांत्रिक सांगते, तुम्हाला उपयोगी पडेल. फेरी काही बँकेची खिडकी नाही की एक गेला, दुसरा आला. माणसं एकेक करून येतात पण जातात घाऊक, एकदम. फेरी बरोबर १५ मिनिटांनी सुटत असेल आणि सगळे मावत असतील तर सरासरी थांबणं साडेसात. पण समजा एक गॅप १० चा पडला आणि पुढचा २० चा, मग? गॅपची सरासरी १५ च राहते. पण १० च्या गॅपात येणारे सरासरी ५ मिनिटं थांबतात, २० च्या गॅपात येणारे १०, आणि २० च्या गॅपात माणसंही दुप्पट येतात, म्हणून थांबणं होतं ८.३. कागदावर फेरी तेवढीच वेळेवर, आणि धक्क्यावर सगळे वैतागलेले. वर त्या लांब गॅपात जमलेले सगळे मावत नाहीत, मागचे पुढच्या फेरीला, त्यांचं थांबणं डबल. बसचंही अगदी असंच असतं, म्हापशाहून सुटणाऱ्या प्रायव्हेट बशी स्टँडवर कशा रेंगाळतात आणि मग एकीमागे एक पळतात ते बघितलंच असेल.

हे मला तेव्हा गणितात येत नव्हतं, कळत मात्र होतं. कारण घरी आजोबा. आजोबांचा हिशेब तिथीवर, तिथीला पाऊण ने गुणा म्हणजे अंदाजे भरतीची वेळ. चतुर्थीला चार पाऊण तीन, तीनच्या सुमाराला भरती, म्हणजे सकाळी नवाच्या आसपास ओहोटी. भरती रोज पाऊणेक तासाने पुढे सरकते, एवढंच ते गणित, पण बरोबर असतं. आणि मी जो आठवडा मोजला तो दशमीपासून चतुर्दशीपर्यंतचा! सकाळच्या टायमाला रोज पाणी चढतं किंवा भरलेलं. शनिवारी आजोबांनी विचारलं, "मेजलंय तें खंयच्या उदकार?" म्हणजे कुठल्या पाण्यावर मोजलंस. मला पहिल्यांदा प्रश्नच कळला नाही.

मंगळवारी, २ मार्चला, परत गेले. अंगारकी होती, आईचा उपास, मला डब्यात साबुदाण्याची खिचडी दिलेली. पावणेनऊला ओहोटी लागली होती चांगलीच. पाणी खाली गेल्यावर फेरीचा रॅम्प धक्क्याच्या उताराला खूप खाली टेकतो, तिथला भाग रोज पाण्याखाली असणारा, शेवाळलेला. मागे बसलेल्या बायका आधीच उतरून चालत येतात, स्कूटरवाला पाय टेकत टेकत एकटा चढतो, त्याच्या मागचा थांबतो कारण पुढचा घसरला तर दोघं जातील. गाडीचा बंपर घासतो म्हणून ड्रायव्हर इंच इंच घेतो, खलाशी हात दाखवतोय, "घे घे घे राव राव" (थांब थांब). नदी ओलांडायला तीनचार मिनिटं लागायची तेवढीच लागली, सगळा वेळ गेला चढण्या-उतरण्यात. गॅप वाढला, रांग वाढली, मागे राहिलेले वाढले. त्या दिवशी माझ्या वहीत सरासरी निघाली चोवीस मिनिटं. मी सारखी मनगटावर बघून लिहीत होते तेव्हा एक म्हातारा खलाशी दोरी गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "घड्याळ कित्याक पळयता गो, उदक पळय." घड्याळ कशाला बघतेस, पाणी बघ. वहीवर खिचडीतल्या तुपाचा डाग आहे त्याच पानावर, अजून आहे वही.

यात कोणाची चूक नव्हती हं, खलाशांची तर नाहीच, ती माणसं कमाल आहेत.

धक्क्यावरूनच ग्रुपवर टाकलं की आपली सरासरी फक्त भरतीची आहे, ओहोटीचे दिवस वेगळे धरायला पाहिजेत, निदान पंधरा दिवसांचं चक्र दाखवूया, उद्या सरांना तेच सांगू, हाच तर प्रोजेक्ट आहे. लीडरचं उत्तर, जसंच्या तसं: "आउटलायर आहे, काढून टाक." आउटलायर म्हणजे बाकीच्यांत न बसणारा, अपवादाचा आकडा.

पाणी दिवसातून दोनदा उतरतं आणि हा म्हणतो आउटलायर.

मी फोन केला. तो म्हणाला मॉडेल चाललंय, आता बदललं तर ग्राफ परत काढावे लागतील. मी म्हटलं तू एकदा येऊन बघ. तर म्हणे जायची गरज नसते, ऑयलर या गणितज्ञाने १७३५ मध्ये कोनिग्सबर्गच्या सात पुलांचा प्रश्न (प्रत्येक पूल एकदाच ओलांडून फिरता येईल का) सेंट पीटर्सबर्गात बसून सोडवला. तेव्हा मला उत्तर सुचलं नाही, आता सुचतं: बाबा रे, ते पूल होते, ते वर-खाली होत नाहीत. (अशी उत्तरं मला नेहमी पाच वर्षांनी सुचतात.)

दुसऱ्या दिवशी प्रेझेंटेशन झालं, नऊ मिनिटांवर. शिफारस काय, तर एक ॲप, ज्यात फेरी किती वाजता येणार ते दिसेल. धक्क्यावर उभ्या माणसाला फेरी समोर दिसत असते हो, नदी आहे ती! सरांनी "गुड वर्क" म्हटलं. शेवटच्या स्लाइडवर सगळ्यांची नावं आणि कामं, लीड, मॉडेलिंग, डिझाइन, आणि माझ्यापुढे "डाटा कलेक्शन सपोर्ट". सपोर्ट.

असो. तुमचे प्रश्न.

विषय. छोटा घ्या. "गोव्याची वाहतूक समस्या" असला विषय घेणाऱ्याला कोणीतरी घरी पाठवा. एक स्टँड, एक तिठा, एक धक्का. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार घ्या, शुक्रवारी आणि मंगळवारी तोच रस्ता मोजा, फरक दिसेल. किंवा तुमच्या गावातली प्रायव्हेट बस कुठल्याच मॅपवर नसेल तर तिचे थांबे आणि खऱ्या वेळा नोंदवून जीटीएफएस फॉरमॅटमध्ये (मॅपला वाचता येणारं वेळापत्रक) बसवा, हा फॉरमॅट २००५ मध्ये गूगल आणि पोर्टलंडच्या बससेवेने मिळून काढला, साध्या टेक्स्ट फाइली असतात, पाच जणांत वाटून ऑनलाइन करायला याच्याइतकं सोयीचं काम नाही. पण वेळा कंडक्टरला विचारा, बोर्डावरच्या घेऊ नका. आणि कृपा करून ॲप काढू नका.

मोजणं. हाताने लिहिण्यापेक्षा फोन एका जागी लावून व्हिडिओ घ्या, मग दोघांनी वेगवेगळं बसून तोच व्हिडिओ मोजायचा आणि आकडे जुळवायचे. हे घरबसल्या होतं, आणि कोण खोटं मोजतंय ते लगेच कळतं. पीसीयू, म्हणजे एक वाहन किती कारबरोबर धरायचं तो आकडा, लावताना डोकं लावा. आयआरसी १०६ मध्ये (इंडियन रोड्स काँग्रेसची शहरी रस्त्यांची मार्गदर्शिका) दुचाकीला ०.५ किंवा ०.७५ आणि बसला २.२ ते ३.७ दिलंय, ते शहरातल्या चालत्या रस्त्यासाठी. फेरीच्या डेकवर गाड्यांच्या फटीत स्कूटर घुसवतात, तिथे ते आकडे नेऊन लावू नका, आमच्या लीडरने लावले होते. सरकारी आकडे पाहिजे असतील तर माहिती अधिकारात अर्ज करा, दहा रुपये फी, पण उत्तराला ३० दिवस असतात, म्हणून सेमिस्टरच्या पहिल्या आठवड्यातच टाका, सबमिशनच्या आधी आठ दिवस नाही.

काम वाटणं. जो त्या जागी राहतो तो लीडर. बाकी कोणीही काहीही करा. डाटा फ्रीझ करायचा हक्क लॅपटॉपवाल्याला द्यायचा नाही, वहीवाल्याला द्यायचा. आणि स्लाइडवर त्याचं नाव पहिलं, सपोर्ट हा शब्द दिसला तर प्रेझेंटेशनच्या आधीच भांडा, नंतर भांडून काही होत नाही, मी करून बघितलंय.

सोडवता येईल का म्हणाल तर सोडवणं म्हणजे काय त्यावर आहे. आमच्या रिपोर्टाने धक्क्यावर एक दगड हलला नाही, आणि बरोबर आकडे घातले असते तरी हलला नसता बहुतेक. २०२५ मध्ये चोडणला मोठ्या रो-रो फेरीबोटी आल्या त्या काय आमच्या स्लाइडी बघून नाही आल्या. पण त्या ओहोटीच्या पानामुळे मला पुढे इंटरव्ह्यूत दहा मिनिटं बोलायला मिळालं, नोकरी लागली, हे खरं.

आणि हेही लिहायला पाहिजे की माझा डाटा एकूण सहा दिवसांचा, एकाच बाजूच्या धक्क्यावरचा, त्यात ओहोटीचा एकच दिवस. एका दिवसावरून मी एवढा आवाज करत होते हे पण खरं आहे, कोणी शास्त्रशुद्ध म्हणेल लीडरचंच बरोबर. शिवाय त्या आठवड्यात त्याच्या घरी दोघं क्वारंटाइनमध्ये होते हे मला नंतर कळलं, तो रात्री जागून ग्राफ काढत होता. ते मान्य. तरी आउटलायर नव्हताच तो.

परवा त्याचं लिंक्डइन दिसलं. प्रोजेक्ट्समध्ये अजून आहे, "फेरी क्यू ऑप्टिमायझेशन, सरासरी प्रतीक्षा ९ मिनिटं". खाली कमेंट टाइप केली होती, चार ओळींची, तिथीसकट. पोस्ट नाही केली. ती वाढवून इथे टाकलीय.