समीकरण येतं पण शाब्दिक उदाहरण अडतं

प्रश्न: सर, मुलगी आठवीत आहे. ३क्ष + ५ = २० असं दिलं की पटकन सोडवते, पण शाब्दिक उदाहरण आलं की वही कोरीच. काल हे अडलं: आईचं वय मुलीच्या ३ पट आहे, १२ वर्षांनी दुप्पट होईल, तर आजची वयं काढा. तिचं उत्तर शून्य आलं आणि रडायलाच लागली हो. क्लास लावू का?
– एक आई, सातारा

उत्तर: ताई, क्लासची घाई नको. तिने ३क्ष + १२ = २क्ष + १२ असं मांडलं असणार, म्हणून शून्य आलं. म्हणजे बघा, आईचं वय बरोबर लिहिलं, दुप्पट करायचंय हेही कळलं, फक्त मुलगी पण तेव्हा क्ष + १२ वर्षांची होणार आणि दुप्पट त्या अख्ख्याची करायची, तेवढा कंस राहिला. ३क्ष + १२ = २(क्ष + १२) लिहिलं की क्ष = १२, मुलगी १२ ची आणि आई ३६ ची.

पक्षांतर वगैरे तिला येतंय, ती अडते त्याच्या आधी. म्हणून पहिली ओळ शब्दांत लिहायला लावा, 'क्ष = मुलीचं आजचं वय, वर्षांत'. नुसतं 'क्ष मानू' लिहिलं की तो आजचा का नंतरचा हे पुढे विसरायला होतं. क्षच पाहिजे असंही नाही, भास्कराचार्य १२ व्या शतकात अज्ञात संख्येला यावत्तावत् म्हणायचे आणि अजून अज्ञात असतील तर कालक, नीलक अशी रंगांची नावं द्यायचे, तिने 'मु' लिहिलं तरी चालेल. मग चार चौकटी काढा, मुलगी आज, आई आज, मुलगी नंतर, आई नंतर, आणि चारही भरल्याशिवाय बरोबरचं चिन्ह काढायचंच नाही.

ताळा मात्र मूळ वाक्यात करायचा, हे फार महत्त्वाचं आहे. तिने शून्य स्वतःच्या समीकरणात घातला असता तर १२ = १२ बरोबरच आलं असतं, पण वाक्यात घातला की १२ वर्षांनी आई पण १२ ची आणि मुलगी पण १२ ची, तिला लगेच कळलं असतं.

आता हे द्या: बाबांचं वय मुलाच्या ४ पट, ५ वर्षांनी ३ पट. मुलगा १० आणि बाबा ४० यायला हवेत, परत शून्य आलं तर कंस बघा.