वाचकांचे प्रश्न : ‘कुमक मिळाली’ म्हणजे नेमके काय?

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धाविषयी वाचताना ‘डिव्हिजनला कुमक मिळाली’ असा उल्लेख वारंवार येतो. ही कुमक म्हणजे नव्या पलटणी असत, की जुन्याच पलटणींत भरलेली माणसे? त्यांची व्यवस्था कोण पाहत असे?

उत्तर : दोन्ही प्रकार होते. राखीव डिव्हिजन आघाडीवर आणणे हा ठळक प्रकार. (डिव्हिजन म्हणजे हजारो सैनिकांचा मोठा सैन्यविभाग; त्याखाली क्रमाने रेजिमेंट, बटालियन आणि कंपनी या लहान होत जाणाऱ्या तुकड्या.) परंतु रोजची गरज होती ती मेलेल्या आणि जखमी झालेल्या सैनिकांच्या जागा भरण्याची, आणि त्यात जर्मनी व अमेरिका यांच्या पद्धती अगदी वेगळ्या होत्या.

जर्मनीत लढणाऱ्या सैन्याखेरीज ‘एर्झाट्झहेर’ नावाचे स्वतंत्र भरती-सैन्य देशातच असे. देशाचे लष्करी जिल्हे पाडलेले होते आणि आघाडीवरच्या रेजिमेंटला माणसे पुरवणारी बटालियन तिच्या मूळ जिल्ह्यात असे. प्रशिक्षण संपले की नवशिक्यांची ‘मार्च बटालियन’ बनवून ती डिव्हिजनकडे रवाना होई. तेथेही त्यांना लगेच खंदकात उतरवत नसत. शक्यतो डिव्हिजनच्या स्वतःच्या राखीव बटालियनमध्ये, तिच्याच अनुभवी अधिकाऱ्यांच्या हाताखाली, त्यांची उरलीसुरली तयारी करून घेतली जाई. बरा झालेला जखमी सैनिकही याच वाटेने शक्यतो आपल्या जुन्या तुकडीत परते. (देशात हाताशी असलेले मोठे सशस्त्र बळ म्हणजे हे भरती-सैन्यच असल्याने 20 जुलै 1944 च्या हिटलरविरोधी कटात त्याचाच वापर करण्याचा बेत होता.)

अमेरिकेने सुमारे 90 डिव्हिजन उभारल्या आणि त्या दीर्घकाळ आघाडीवरच ठेवल्या. त्यांतील घट एकेका माणसाने भरली जाई. नवा सैनिक अनोळखी सोबत्यांबरोबर अटलांटिक ओलांडे, एका डेपोतून दुसऱ्या डेपोत फिरे, आणि अखेर एखाद्या रात्री ट्रकमधून उतरून अशा खड्ड्यात जाऊन बसे, जेथे शेजारच्याचे नावही त्याला ठाऊक नसे. सकाळी हल्ला असेल, तर ते विचारायलाही सवड मिळत नसे. नोव्हेंबर 1944 मध्ये जर्मनीतील हुर्टगेनच्या जंगलात अमेरिकेच्या चौथ्या इन्फंट्री (पायदळ) डिव्हिजनच्या कंपन्या अशा माणसांनी पुन्हा पुन्हा भरल्या गेल्या आणि पुन्हा पुन्हा रित्या झाल्या. हिशेबाच्या वहीत संख्याबळ पुरे दिसे, पण एकमेकांवर विसंबून लढणारी तुकडी त्यातून उभी राहत नसे. या पद्धतीचा खरा दोष मला हाच वाटतो. पायदळाची हानी किती होईल याचा आधीचा अंदाजही चुकला होता; त्यामुळे विमानविरोधी तोफखान्यातील माणसे आणि विशेष शिक्षणासाठी महाविद्यालयांत धाडलेले तरुण सैनिकही पायदळात वळवावे लागले.

मात्र जर्मन पद्धतही अखेरपर्यंत टिकली नाही. कट फसल्यावर भरती-सैन्य नाझी ‘एसएस’ संघटनेचा प्रमुख हिमलर याच्या हाती गेले, आणि उपलब्ध माणसे मोठ्या प्रमाणावर नव्या ‘फोल्क्सग्रेनेडियर’ (‘जनतेचे पायदळ’ अशा नावाच्या) डिव्हिजन उभारण्याकडे वळली. जुन्या डिव्हिजन मात्र नावापुरत्याच डिव्हिजन राहिल्या.